बिअर्डेड ड्रॅगनचं घर कसं मांडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा दगडू, म्हणजे आमचा बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा, आता सात वर्षांचा आहे. गणपतीत घरी येणारी मुलं बाप्पाला नमस्कार करतात आणि थेट त्याच्या पेटीपाशी जाऊन बसतात. मग चार दिवसांनी त्यांच्या आईबाबांचा फोन येतो: "आमच्याकडे हट्ट सुरू झालाय, काय काय लागतं गं?" सिडनीच्या पश्चिम उपनगरांतल्या मराठी घरांतून आलेले हे प्रश्न एकत्र करून सविस्तर उत्तरं लिहिली आहेत. प्राणी आणण्याच्या आधी वाचा. आणल्यावर वाचलंत तर धावपळ होते, आणि तेवढ्या दिवसांत त्रास त्या जिवाला होतो.

हा नक्की कोण? घोरपडीसारखा असतो का?

नाही, हा सरडाच. आपल्याकडे कुंपणावर बसून मान हलवणारा बागेतला सरडा आणि हा एकाच कुळातले, ॲगॅमिडी कुळातले. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. घाबरला किंवा चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळी पडते, म्हणून 'दाढीवाला'. मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, उघड्या प्रदेशात. ब्रोकन हिलच्या बाजूला गेलात तर कुंपणाच्या खांबांवर ऊन खात बसलेले दिसतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण मला तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. ते उंच जागी का बसतात हे कळलं की पेटी कशी मांडायची हेही कळतं: वरून ऊन, पोटाखाली तापलेलं लाकूड किंवा दगड, आणि नको झालं की खाली उतरायला सावली.

पूर्ण वाढल्यावर शेपटीसकट ४५ ते ६० सेंटिमीटर. नीट ठेवला तर दहा वर्षं आणि त्याहून जास्तही जगतो. आठ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून आणत असाल तर तो मुलगा कॉलेजात जाईपर्यंत भाजी चिरायची तयारी तुमची हवी.

परवाना लागतो का?

न्यू साउथ वेल्समध्ये लागतो. हा इथला देशी वन्यप्राणी असल्यामुळे सरपटणारे प्राणी पाळण्याचा परवाना आधी काढायचा आणि मगच प्राणी घ्यायचा. सुरुवातीच्या वर्गातल्या परवान्यावर तो ठेवता येतो. देणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो आणि कोणाकडून घेतला याची नोंद ठेवावी लागते. रानातून उचलून आणणं बेकायदा आहे, रस्त्यावर सापडला असला तरीही. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत, त्यामुळे घर बदलून दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथल्या सरकारी संकेतस्थळावर आधी पाहून घ्या.

आम्ही दोन-तीन वर्षांत भारतात परत जाणार आहोत. बरोबर नेता येईल?

नाही. ऑस्ट्रेलिया आपले देशी सरपटणारे प्राणी पाळीव म्हणून बाहेर नेऊ देत नाही. परतायचं पक्कं असेल तर कृपा करून आणू नका. आणलाच असेल तर जाण्याच्या खूप आधी परवानाधारक घर शोधा. "रानात सोडून देऊ, तिथलाच आहे" हा विचार मनात आणू नका. पेटीत वाढलेला जीव रानात तग धरत नाही, आणि अंगावरचे रोग तिथल्यांना देऊन जातो.

पुण्या-मुंबईहूनही हाच प्रश्न येतो: तिथे विकत मिळतो, घ्यावा का? परदेशी प्राणी आयात करायला परवानगी लागते, तेव्हा विकणाऱ्याकडे कागद मागा आणि वनविभागात खात्री करा. कागद नसतील तर तिथेच थांबा. त्याच बाजारात कोणी स्टार कासव किंवा घोरपडीचं पिल्लू दाखवलं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. हवेचाही विचार करा. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. ३०-४० टक्के आर्द्रतेत रमणाऱ्या या प्राण्याची छाती त्या दमट हवेत भरते.

पेटी केवढी हवी?

मोठ्या ड्रॅगनसाठी कमीत कमी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच. आपल्या भाषेत चार फूट बाय दोन बाय दोन. याहून मोठी असेल तर उत्तमच.

दुकानात 'स्टार्टर किट' म्हणून साठ सेंटिमीटरची पेटी गळ्यात मारतात. घेऊ नका. पिल्लू सहा-आठ महिन्यांत तिच्यात मावेनासं होतं आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. त्याहून मोठी अडचण उन्हाची आहे. छोट्या पेटीत एका टोकाला दिवा लावला की दुसरं टोकही तापतं. गरम आणि थंड अशी दोन टोकं राहिली नाहीत तर सरड्याला अंगाचं तापमान सांभाळायला जागाच उरत नाही. पेटी लांब हवी ती यासाठी. मोठ्या पेटीत पिल्लू बावरतं, असं ऐकाल. बावरतं ते लपायला जागा नसली तर. दोन आडोसे जास्त ठेवा, पिल्लू पहिल्या दिवसापासून मोठ्या घरात राहील.

काचेची की लाकडी?

दोन्ही चालतात. लाकडी पेटी ऊब धरून ठेवते, आणि ज्या घरात हिवाळ्यात रात्रभर हीटर नसतो तिथे मी तीच सुचवेन. दार समोरून उघडणारं हवं, आणि झरोके दोन, एक खाली आणि एक वर. काचेची असेल तर मागची आणि बाजूंची काच बाहेरून कागद लावून झाका. स्वतःचं प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटतो. मग दाढी काळी करून तो काचेवर तासनतास पाय घासत राहतो, आणि लोकांना वाटतं, खेळतोय.

घरात कुठे ठेवायची?

कमरेच्या उंचीवर किंवा थोडी वर, भक्कम टेबलावर. जमिनीवर नको. रानात याला खाणारे पक्षी वरून झडप घालतात. पेटी खाली असली की माणसं, हात, मांजर, सगळं वरूनच येतं. हाताळतानाही हात बाजूने आणि खालून न्या, डोक्यावरून नको.

खिडकीशेजारी, थेट ऊन पडेल अशी नको. बंद काचेत उन्हाची भट्टी होते आणि पळायला जागा नसते. स्वयंपाकघरही नको. फोडणीचा धूर, नॉनस्टिक तव्याची वाफ हे त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. आणि आपल्या घरांसाठी एक खास सांगायचं, कारण इंग्रजी माहितीत हे सहसा सापडत नाही: देवघराशेजारी ठेवू नका. उदबत्ती, धूप, कापूर यांचा धूर बंद पेटीत साचतो. डासांची कॉइल, खोलीत मारायचा कीटकनाशकाचा फवारा, कपाटातल्या डांबरगोळ्या, हे सगळं त्या खोलीतून बाहेर काढा. आमच्या सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा त्यांनीच हे आधी ओळखलं. म्हणाल्या, "अगं, याला धूर लागत असेल, माझी समई-उदबत्ती मी आतल्या खोलीत करते." त्या दिवसापासून देव आतल्या खोलीत आहेत.

किती तापमान ठेवायचं?

ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सियस. दुसऱ्या टोकाला, सावलीत, २४ ते २८. मधला भाग आपोआप मधला होतो.

हे आकडे महत्त्वाचे का? सरड्याला स्वतःची ऊब नसते. खाल्लेलं पचवायला, रोगाशी झगडायला, चालायलासुद्धा ऊब बाहेरून घ्यावी लागते. खाल्लेले किडे पोटात आहेत आणि दगड तीसच अंशांवर आहे, तर ते अन्न पोटात तसंच पडून राहतं. "खात नाही", "शी झाली नाही" असे फोन येतात तेव्हा मी आधी विचारते, दगड किती तापलाय? बहुतेकदा मोजलेलंच नसतं.

ऊब वरून द्यायची, प्रकाश देणाऱ्या दिव्यातून. हॅलोजनचा फ्लड दिवा सगळ्यांत चांगला आणि स्वस्त. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. दिवा पेटीच्या आत असेल तर त्याला तारेचं संरक्षक कवच हवंच, हा प्राणी उडी मारून दिव्याला पोट लावायला कमी करत नाही. विजेवर तापणारे नकली दगड मिळतात, ते बिलकुल नकोत. पोटाच्या कातडीला चटका बसतोय हे सरड्याला वेळेवर कळत नाही आणि तो तसाच बसून राहतो.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्राशिवाय, दिवा लावू नका. हॅलोजनसाठी प्रकाश कमी-जास्त करणारा, म्हणजे डिमिंग, थर्मोस्टॅट लागतो. बंद-चालू करणाऱ्याने दिवा सारखा लुकलुकतो. काचेला चिकटवायचा गोल घड्याळासारखा थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतो, दगडाचं नाही. टेम्परेचर गन घ्या आणि रोज दुपारी दगडावर धरा. महाग नाही, आणि पेटीतल्या सगळ्या वस्तूंमध्ये हिच्याइतकी खरी दुसरी कुठलीच नाही.

यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांची) ट्यूब खरंच लागते? दुकानदार म्हणाला, कॅल्शियमची पावडर दिली की पुरे.

लागते. माझ्याकडून झालेली चूक इथली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कॅल्शियम पोटात गेलं तरी हाडांत जायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण आणि ऊब दोन्ही लागतात. किरण नसतील तर शरीर हाडांतलंच कॅल्शियम ओढून घेतं. हाडं रबरासारखी मऊ होतात, जबडा सुजतो, पाय वाकतात.

दगडू आणला तेव्हा आमच्या पेटीला वरून काच होती आणि ट्यूब त्या काचेवर ठेवलेली. दुकानात तशीच मांडून दिली होती. निळसर उजेड छान पडायचा, वाटलं, ऊन मिळतंय. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी तो माझ्या तळहातावर बसला होता आणि त्याच्या मागच्या पायाचं सगळ्यांत लांब बोट थरथरत होतं. सतारीची तार छेडल्यावर हलते तसं, बारीक, न थांबणारं. मला वाटलं, थंडी वाजतेय. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकी दिसत होती. काच यूव्हीबी अडवते. पाच महिने त्याला किरण मिळालेच नव्हते. औषध, नवी ट्यूब आणि सहा महिने धीर यानंतर थरथर थांबली. उजवा पाय मात्र आजही किंचित वाकडा आहे.

म्हणून ही मांडणी डोळ्यांत तेल घालून करा. टी-५ प्रकारची लांब ट्यूब घ्या, १० ते १२ टक्के यूव्हीबीची. आर्केडिया १२ टक्के किंवा रेप्टीसन १०.० या सहज मिळतात. स्क्रूसारखे वळलेले छोटे बल्ब नकोत, त्यांचे किरण एका लहानशा ठिपक्यात पडतात. ट्यूब पेटीच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश लांबीची, गरम टोकाकडून सुरू होणारी असावी. चार फुटी पेटीला ३९ वॅटची चांगली बसते. पाठीमागे चकचकीत परावर्तक पत्रा असलेलीच घ्या.

अंतर: ट्यूब आत, मध्ये काही आड नसेल तर बसायच्या जागेपासून ३५ ते ४० सेंटिमीटर. जाळीच्या वर असेल तर २५ ते ३०, कारण जाळी विणीप्रमाणे एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त किरण खाते. उत्पादकाचा तक्ता पाहून हे पक्कं करा. ट्यूब आणि उबेचा दिवा शेजारी शेजारी हवेत. रानात ऊन आणि ऊब एकाच आकाशातून येतात, पेटीतही तसंच हवं. किरण वरूनच पडावेत. त्याच्या भुवया डोळ्यांवर छपरासारख्या असतात, बाजूने आलेला प्रकाश थेट डोळ्यांत जातो.

ट्यूब दिसायला पेटत राहते, पण किरण हळूहळू उतरतात. टी-५ वर्षाने बदला. बसवल्याची तारीख पट्टीवर मार्करने लिहून ठेवा. ज्यांना मोजायचंच आहे त्यांनी सोलरमीटर ६.५ हे यंत्र वापरावं. गॅरी फर्ग्युसन या संशोधकांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उन्हाचे चार विभाग मांडले, त्यांत हा तिसऱ्या विभागातला, म्हणजे उघड्यावर किंवा थोड्या सावलीत ऊन खाणारा. बसण्याच्या जागी त्याच्या पाठीच्या उंचीवर यूव्ही निर्देशांक साधारण ३ ते ५ असावा, आणि सावलीत गेल्यावर शून्याजवळ.

खिडकीतून ऊन येतं, तेवढं नाही पुरणार?

वरचंच उत्तर: काचेतून येत नाही. बाहेर अंगणात मात्र जरूर न्या. सिडनीत हिवाळा सोडून स्वच्छ दिवस असला की दहा-पंधरा मिनिटं, सावली जवळ असेल अशा जागी, जाळीच्या पेटीत. कुकाबुरा पक्षी आणि शेजाऱ्यांचं मांजर यांच्यावर नजर ठेवून, आणि तुम्ही तिथेच बसून. काचेच्या टँकमध्ये घालून उन्हात कधीही ठेवू नका.

रात्री दिवा लागतो का? लाल बल्ब मिळतो.

रात्री पूर्ण अंधार. लाल, निळा, 'मूनलाइट' यांतला एकही नको, त्याला तो उजेड दिसतो आणि झोप मोडते. रात्री तापमान उतरायलाच हवं. १८ अंशांपर्यंत खुशाल उतरू द्या. त्याखाली जात असेल, आणि इथल्या विटांच्या जुन्या घरांत जुलैच्या थंडीत जातं, तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, त्याच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर. दिवे टाइमरवर ठेवा: उन्हाळ्यात १३-१४ तास, हिवाळ्यात १०-११.

आणि उन्हाळ्यात, बाहेरच ४५ अंश असताना?

सिडनीच्या पश्चिमेकडच्या पेनरिथला ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश नोंदले गेले. तो दिवस आम्ही दगडूला न्हाणीघरातल्या थंड फरशीवर ठेवून काढला. वाळवंटी प्राणी आहे, सोसेल, असं समजू नका. वाळवंटात तो अशा वेळी बिळात किंवा झुडपाच्या बुंध्याशी जातो. तुमच्या पेटीत बीळ नाही.

थंड टोक ३२-३३ च्या वर जायला लागलं की उबेचा दिवा बंद करा, ट्यूब चालू राहू द्या. थंड टोकाला गार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. खोलीचे पडदे ओढा, एसी असेल तर लावा, झोत पेटीवर नको. तोंड किंचित उघडून बसणं हे ऊन खाताना रोजचंच, त्याने घाबरू नका. पण थंड टोकाला जाऊनही तोंड उघडंच राहिलं आणि तो ढिला पडला तर ताबडतोब डॉक्टर.

खाली काय घालायचं? वाळवंटातला आहे म्हणजे वाळू ना?

त्याच्या मूळ प्रदेशातली जमीन बरीचशी घट्ट लाल माती असते, मोकळी वाळू क्वचित. पिल्लांना आणि नव्याने आणलेल्या प्रत्येकाला पहिले तीन-चार महिने साधा किचन पेपर. शी कशी होतेय ते दिसतं, आणि किड्याबरोबर पोटात काही जात नाही. पुढे खडबडीत फरशी उत्तम: नखं झिजतात, ऊब धरते, पुसायला सोपी.

निरोगी मोठ्या सरड्याला माती आणि धुतलेली वाळू यांचं घट्ट बसवलेलं मिश्रण घालणारे अनुभवी लोक आहेत, आणि त्यांचे सरडे खणतात तेव्हा बघायला आनंद होतो. ऊब आणि किरण अचूक असतील तरच तिकडे जा. 'कॅल्शियम सँड' म्हणून विकली जाणारी रंगीत वाळू आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मात्र कोणालाच नको. पोटात गोळा होऊन आतडं बंद होतं. देवदाराचा, पाइनचा भुसाही नको, त्यातली वासाची तेलं घातक आहेत.

आत सजावट काय करायची?

गरम टोकाला दिव्याखाली सपाट दगड, लादीचा तुकडा चालतो. त्याच्या शेजारी तिरकी, त्याच्या अंगाइतकी जाड फांदी. थंड टोकाला आत शिरून पूर्ण दिसेनासा होईल असा आडोसा. उथळ पाण्याचं भांडं, थंड बाजूला. बस्स, पेटी वस्तूंनी कोंबू नका, त्याला पळायला जागा लागते.

जड दगड मातीवर ठेवू नका, पेटीच्या तळावर ठेवून मग भोवती माती घाला. हा प्राणी खणतो आणि दगडाखाली चिरडून मेलेले सरडे डॉक्टरांनी पाहिले आहेत. बागेतली फांदी आणाल तर फवारा न मारलेल्या झाडाची, घासून धुऊन, वाळवून.

एकटा कंटाळेल. दोन आणू का?

नको. ते एकटेच राहतात. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसलेला फोटो सगळ्यांना गोड वाटतो. प्रत्यक्षात वरचा खालच्याचं ऊन हिरावून घेत असतो. खालचा हळूहळू कमी खातो, वाळतो, आणि एके दिवशी शेपटीचं टोक किंवा बोट गेलेलं दिसतं. दोन नर तर कधीच नाही, नर-मादीही नाही. मादीला अंडी घालून घालून झीज होते.

आमचं घर शाकाहारी आहे. भाज्यांवर वाढेल का?

वाढणार नाही. मोठा झाल्यावर ताटात बहुतेक पालेभाज्या असतात, पण पिल्लाला वर्षभर जिवंत किडे लागतातच: रातकिडे, खाद्यासाठी पैदास केलेली झुरळं. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. म्हणजे तुमच्या घरात किड्यांचा डबा येणार. घरातल्या मोठ्यांशी आधी बोला. ज्यांना हे मनापासून पटणार नाही त्यांनी दुसरा प्राणी पाळावा, त्यात काहीच चुकीचं नाही.

भाज्यांत लाल भोपळा किसून, रॉकेट आणि एन्डाइव्ह या सॅलडच्या पालेभाज्या, डँडेलियनची पानं, जास्वंदीची फुलं. पालक रोज नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. अळूची पानं बिलकुल नाहीत. आपण चिंच घालून शिजवतो म्हणून ती खाजत नाहीत, त्याच्या तोंडात कच्चं पान जाईल. अ‍ॅव्होकॅडो आणि रूबार्ब विषारी. किड्यांवर साधी कॅल्शियम पावडर भुरभुरून द्या, प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

रात्री बागेत सापडलेले किडे देऊ नका. काजवा तर कधीच नको. ज्या काजव्यांसाठी आपण जूनमध्ये भंडारदऱ्याला जातो, त्यांच्या कुळातल्या अमेरिकन जातींचा एखादाच किडा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन थोड्याच वेळात मेल्याच्या नोंदी आहेत. त्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं.

घरात लहान बाळ आहे. सुरक्षित आहे का?

सरडा चावत नाही सहसा, काळजी जिवाणूंची आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात सॅल्मोनेला असतो, प्राणी ठणठणीत असला तरीही. २०१२ ते २०१४ दरम्यान अमेरिकेत सॅल्मोनेला कॉथम या प्रकाराची साथ आली ती पाळलेल्या बिअर्डेड ड्रॅगनमधूनच, आणि तिच्यात लहान मुलं बरीच होती. पाच वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बाईने, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या आजी-आजोबांनी हाताळू नये. लांबून बघणं ठीक. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, पापी घ्यायची नाही, गालाला लावायचा नाही. त्याची भांडी, दगड, अंघोळ यांतलं काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. वेगळी बादली, वेगळा ब्रश.

साफसफाई किती?

शी दिसली की लगेच, उरलेली भाजी संध्याकाळी, पाणी रोज. रात्री पेटीत मोकळे किडे राहू देऊ नका, रातकिडे झोपलेल्या सरड्याला कुरतडतात. आठवड्याला फरशी पुसायची, महिन्याला सगळं काढून डॉक्टर सुचवतील त्या जंतुनाशकाने धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायचं.

विजेचं बिल?

हॅलोजन १०० वॅटचा बारा तास म्हणजे १.२ युनिट, ट्यूब ३९ वॅटची म्हणजे जवळपास अर्धं. रोज पावणेदोन युनिटच्या आसपास. थर्मोस्टॅट असेल तर कमी.

हिवाळ्यात झोपूनच राहतो, आजारी आहे का?

वर्ष उलटलेल्या सरड्यांत जून ते ऑगस्ट असं होतं, कोणी आठवडाभर, कोणी दोन महिने. वजन तसंच राहत असेल तर झोपू द्या. पण ही झोप आहे की आजार, हे पहिल्या वर्षी डॉक्टरांनाच ठरवू द्या. पोटात अन्न असताना झोपला तर ते कुजतं.

सगळं आणलं. आता प्राणी कधी आणायचा?

आठवडाभर थांबा. पेटी रिकामी चालवा. दिवे सकाळी लागतात का, दगड दुपारी बारा वाजता किती, थंड टोक चार वाजता किती, पहाटे किती, सगळं वहीत लिहा. सात दिवस आकडे जागेवर राहिले की आणा. मुलांना या रिकाम्या आठवड्याचा कंटाळा येतो. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीकडेच वही दिली, ती शाळेतून आली की गन घेऊन दगड मोजायची. आज त्या घरात सरड्याची खरी जाणकार तीच आहे.

आणलात की पेटीत सोडा आणि दार लावा. पहिला आठवडा उचलून घेणं नाही, पाहुणे नाहीत, फोटो लांबून. दोन-तीन दिवस कमी खाईल, एका जागी दबून बसेल, पुढचा पाय उचलून हळूच हवेत फिरवेल. तो हात हलवणं म्हणजे 'मी लहान आहे, मला मारू नका' असं सांगणं आहे. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसा, त्याला तुमची सवय होऊ द्या. पंधरा दिवसांच्या आत ताज्या शीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. त्यांचा नंबर पेटीच्या बाजूला चिकटवून ठेवा, ट्यूबच्या तारखेशेजारी.